मुलाबाळांसह स्वदेशी परतताना
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात नांदेड येथे केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणिसांनी दोन महिन्यांपूर्वी मला गाठून, परदेशातून परत आलेल्या कुटुंबाचा अनुभव या विषयावर चार शब्द बोलावे अशी आज्ञा केली, तेव्हा मला मोठा संकोच वाटला. ज्याने परदेशी जाऊन नाव मिळविले त्याने बोलावे, अथवा ज्याने परत येऊन काही कार्य उभे केले त्याने बोलावे. मी या दोहोंपैकी कोणीच नाही. मी वजिराबादेतील एका शिंप्याचा मुलगा. येथेच वाढलो, विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून २००२ साली पदवी घेतली, पुण्यात काही वर्षे नोकरी करून २००८ साली अमेरिकेत गेलो, चौदा वर्षे तेथे राहिलो आणि जून २०२२ मध्ये पत्नी, दहा वर्षांची मुलगी व पाच वर्षांचा मुलगा यांसह नांदेडास परत आलो. माझा अधिकार एवढाच. हे मी चिटणिसांस सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "थोरामोठ्यांची चरित्रे आम्ही वाचतोच. चुका कोणी सांगत नाही. तुम्ही चुका सांगा." या अटीवर मी आपल्यापुढे उभा आहे.

परतणे ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. १९४७-४८ साली निजामाच्या राजवटीत रझाकारांचा उपद्रव वाढला, तेव्हा नांदेड जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. पलीकडे उमरखेडला मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांचा तळ होता. माझे आजोबा कार्यकर्ते नव्हते. ते भ्यालेले गृहस्थ होते, आणि तसे म्हणण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. बैलगाडीत शिवणयंत्र, धान्याचे एक पोते, आजी आणि दोन वर्षांचे माझे वडील, असा त्यांचा संसार नदीपार गेला. आज आपण तासा-दोन तासांत उमरखेडास पोहोचतो. त्या काळी तो परमुलूख होता. राज्य निराळे, कारभाराची भाषा निराळी, आपल्याकडचा हाली शिक्का तेथे परका. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि त्यानंतर काही आठवड्यांनी तीच बैलगाडी उलट दिशेने आली. आजोबा सांगत, "घराचं दार कुणी काढून नेलं होतं, पण यंत्र संगं होतं, म्हणून दार पुन्हा करता आलं."

ही हकीकत मी अमेरिकेत असताना अनेकदा अभिमानाने सांगितली. परंतु तिचा अर्थ मला परत आल्यावर कळला. आजोबा गेले ते निरुपायाने आणि आले ते आनंदाने. त्यांना निवड करावी लागली नाही. मी गेलो स्वेच्छेने आणि आलोही स्वेच्छेने. ज्याला पर्याय नव्हता, त्याला पश्चात्तापही नसतो. ज्याने पर्याय निवडला, त्याला रोज सकाळी उठून आपली निवड पुन्हा पारखावी लागते. शिवाय आजोबांच्या गाडीत जे मूल होते ते दोन वर्षांचे होते. माझ्या संगती जी मुलगी आली, तिला स्वतःचे मत होते.

आता, मी का आलो? लोकांनी हा प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत विचारला. काहींनी सरळच विचारले, "काढून टाकलं का?" आपल्याकडे परदेशी जाणाऱ्याला पेढे वाटून निरोप देतात आणि परत येणाऱ्याकडे संशयाने पाहतात. त्यांना मी जे उत्तर देत असे ते निम्मेच खरे होते. आज पूर्ण सांगतो.

एप्रिल २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात माझी आई करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा मार्च २०२० पासून बंद होती. ती पुढे २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. मधल्या काळात मोजकी विमाने येत-जात होती, परंतु माझ्या पारपत्रावरील व्हिसाची मुदत संपलेली होती आणि येथील वकिलातींतले व्हिसाचे नेहमीचे काम ठप्प झालेले होते. आलो असतो तर परत केव्हा जाता येईल याचा भरवसा नव्हता, आणि तिकडे पत्नी व दोन लहान मुले. मी आलो नाही. गोदावरीच्या काठावर चार माणसांनी माझ्या आईला अग्नी दिला, तो मी न्यू जर्सीतील स्वयंपाकघरात उभा राहून हातातल्या दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिला. माझ्या वडिलांना, अण्णांना, तेव्हा पंचाहत्तरावे वर्ष लागलेले होते. त्या रात्री मी मनाशी निश्चय केला की, परत जायचे.

दुसरे कारण व्यवहाराचे होते. अमेरिकेत कायमचे राहण्याचा परवाना मिळण्यास नोकरदार भारतीयांना किती काळ थांबावे लागते, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ठाऊक आहे. तेथील कायद्याप्रमाणे कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वार्षिक परवान्यांच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. आणि रांगेत सर्वांत मोठी संख्या आपली. त्यामुळे तात्पुरत्या परवान्याचे नूतनीकरण करीत माणसे पंधरा-पंधरा वर्षे काढतात. घर घ्यावे की न घ्यावे, नोकरी बदलावी की न बदलावी, आजारी आईला पाहावयास जावे की न जावे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एका कागदावर अवलंबून राहते. आमच्या परतण्यानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा तेथील राष्ट्राध्यक्षांनी केली, तेव्हा काही आप्तांनी माझे अभिनंदन केले की, "तू वेळेवर निघालास." मला त्या अभिनंदनात आनंद वाटला नाही. कोणाची वाट बंद झाली म्हणून आपली वाट बरोबर ठरत नाही.

आणि आता चुका.

पहिली चूक ही की, निश्चय मी एकट्याने केला. माझी पत्नी लातूरची. सूक्ष्मजीवशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेऊन ती लग्नानंतर माझ्या मागे आली, तेव्हा नोकरदाराच्या पत्नीस तेथे काम करण्याची परवानगीच नव्हती. २०१५ साली नियम बदलला आणि आमच्यासारख्या रांगेतल्या कुटुंबांना तशी सवलत मिळाली. पाच वर्षे घरी बसल्यानंतर तिला एका प्रयोगशाळेत काम मिळाले. ते तिने जिवापाड जपले. मी माझ्या आईच्या दुःखात असा बुडालो होतो की, परत जाण्याचा विषय काढताना तो मी प्रश्न म्हणून काढलाच नाही. निर्णय म्हणून सांगितला. दुःखी माणसाशी कोण वाद घालतो? ती गप्प राहिली आणि मी ते मौन म्हणजे संमती समजलो.

नांदेडला आल्यावर तीन-चार महिन्यांनी, एका संध्याकाळी, भाकऱ्या करता करता ती मला शांतपणे म्हणाली, "तुम्ही घरी परत आलात. मी सासरी परत आले." भगिनींनो, आपल्यापैकी अनेकींना या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. ज्या बाईने परक्या देशात स्वतःची गाडी चालवून नोकरी केली, तिला येथे शेजारीण विचारू लागली की, डोक्यावर पदर का नाही. मी दिवसभर खोलीचे दार लावून संगणकावर काम करीत असे. अण्णांचे पथ्य, मुलांची शाळा, येणारे-जाणारे पाहुणे हे सगळे तिच्या वाट्याला. देशाभिमान माझा आणि त्याची किंमत तिने मोजायची, हा कुठला न्याय? आज ती येथील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविते. मानधन बेताचे, तेही वेळेवर नाही; पण ती सकाळी साडेनऊला घराबाहेर पडते आणि त्या वेळेपासून दुपारपर्यंत घर माझ्याकडे असते. हा बदल होण्यास आम्हांला दीड वर्ष लागले. तो निघण्यापूर्वी, तिकडेच, बसून ठरविता आला असता.

दुसरी चूक मुलांच्या बाबतीत. आम्ही समजत होतो की, घरात मराठी बोलतो, रविवारी मुले तेथील मराठी शाळेत जातात, म्हणजे मराठी येतेच. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळींनी या शाळा मोठ्या कष्टाने चालविल्या आहेत. त्यांना मी दोष देत नाही. पण आठवड्यातून दोन तासांची भाषा आणि पाचवीच्या वर्गातली भाषा यांत पैनगंगेएवढे अंतर आहे. महाराष्ट्र सरकारने २०२० साली कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांतून मराठी सक्तीची केली. तो कायदा योग्य आहे असे माझे मत आहे. परंतु माझी मुलगी जेव्हा पहिल्या चाचणीत मराठीचा कोरा कागद देऊन घरी आली आणि "मी हुशार होते ना बाबा?" असे तिने भूतकाळात विचारले, तेव्हा मला त्या कायद्याचे समर्थन सुचेना. वर्गातल्या मुलांनी तिच्या उच्चारांची नक्कल करून तिला नवे नाव ठेवले होते. शिक्षकांपैकी एकाने सर्वांदेखत म्हटले, "अमेरिकेत एवढंही शिकवत नाहीत का?" शाळेचे नाव मी सांगणार नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही शाळेत निराळे घडले असते, असे मला वाटत नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक रात्र जागून परतीच्या तिकिटांचे दर पाहिले, हे मी आज प्रथमच चारचौघांत सांगतो आहे. माझ्या जुन्या मालकाकडे शब्द टाकला असता तर जागा मिळण्याजोगी होती. मुलांना तर कोणाच्या परवान्याची गरजच नव्हती. ती जन्माने तेथील नागरिक होती. प्रश्न फक्त एवढाच होता की, अण्णांना काय सांगावयाचे.

तिसरी चूक अण्णांच्या बाबतीत होती, आणि ती मला त्यांनीच दाखविली. मी सकाळी त्यांच्यापाशी बसून सगळे बोललो: पत्नीचे, मुलीचे, माझ्या मिळकतीचे. पुण्याच्या कंपनीचे काम मी घरून करीत होतो. मिळकत पूर्वीच्या चौथ्या हिश्शावर आलेली होती आणि वीज गेली की तीही थांबत असे. शेवटी म्हणालो, "अण्णा, सगळं तुमच्यासाठी केलं, पण काही बसत नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "माझ्यासाठी केलंस, पण मला विचारलंस कधी? तुझी आई गेल्यावर मी माझा दिवस कसाबसा लावला होता. सकाळी नगीना घाट, दुपारी दुकान, रात्री बातम्या. तुम्ही आलात, बरं वाटलं. पण तुझ्या पोरीचं तोंड रोज उतरलेलं बघून मला बरं वाटंल का?" मग जरा थांबून ते म्हणाले, "तू कापड बेतलंस चांगलं. पण माया सोडली नाहीस."

आपण शिंपी आहोत, म्हणून मला हे येथे विस्ताराने सांगावे लागत नाही. पण तरुण मंडळींपैकी अनेकांनी आता कात्री हातात धरलेली नाही, म्हणून सांगतो. कापड बेतताना अंगाच्या नेमक्या मापावर कापीत नाहीत. शिवणीच्या आत दडून राहील असे बोट-दोन बोटे कापड जास्त ठेवतात. त्याला माया म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही. पण मूल वाढले, अंग सुटले, माप चुकले, तर शिवण उसवून तेवढे कापड सोडता येते. माया न ठेवता कापलेला सदरा पहिल्या दिवशी नीट बसतो आणि नंतर फाटतो. मी पैशांचा हिशेब केला होता, विमानाचा केला होता, सामानाच्या पेट्यांचा केला होता. मापे सगळी अचूक होती. पण मुलीला रडावयास वर्षभर वेळ लागेल, पत्नीला स्वतःची जागा शोधावयास वेळ लागेल, वडिलांना गजबजलेल्या घराची सवय व्हावयास वेळ लागेल, याची सोय मी कोठेच ठेवली नव्हती.

त्या दिवसापासून अण्णांनी माझ्या मुलीला दुपारी दुकानात नेण्यास सुरुवात केली. तिच्या हाती त्यांनी पाठ्यपुस्तक दिले नाही. मापाची वही दिली. ते फीत धरीत आणि ती लिही: उंची, खांदा, छाती, बाही, कंबर. "सव्वासोळा", "साडेसतरा", "पावणेअठरा". इंग्रजीत जे अपूर्णांक तिला आकड्यांवर आकडे ठेवून शिकविले होते, ते मराठीत एकेका शब्दात मावतात, याचे तिला नवल वाटले. पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तिला आवडू लागले. अडचण आली ती एकोणसत्तर, एकोणऐंशी यांची. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या 'वीस एक', 'सत्तर पाच' अशाही वाचावयास दिल्या, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते! त्या विषयसमितीच्या अध्यक्ष मंगलाताई नारळीकर यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. मीही तेव्हा अमेरिकेत बसून त्या बदलाची थट्टा केली होती. आपल्या स्वतःच्या मुलीला एकोणसत्तर की एकोणऐंशी या फेऱ्यात अडकलेली पाहिली, तेव्हा त्या विदुषीच्या मनात मुलांविषयी किती कणव असेल, हे मला उमगले. मुलगी पुढे जुनी नावेही शिकली. पण आधी नव्या रीतीने चढून, मग.

मंगलाताईंचे नाव निघाले म्हणून सांगतो. डॉ. जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिज सोडून सहकुटुंब भारतात आले व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, ही गोष्ट आपण आदराने सांगतो. मंगलाताईंनी संसार सांभाळीत १९८१ साली गणितात पीएच.डी. मिळविली, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेतील शिक्षणानंतर १९७० साली आपल्या शेजारच्या जामखेडला आले आणि खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका करून त्यांनी जगापुढे एक उदाहरण ठेवले; त्या दोघांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. अभय व राणी बंग हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून आले आणि त्यांनी गडचिरोलीत काम सुरू केले. ही माणसे थोर आहेतच. पण त्यांच्या उदाहरणांत मला आज एक साधी गोष्ट दिसते. आरोळे आणि बंग यांच्या घरी परतण्याचे कारण पती-पत्नी दोघांचे होते, आणि काम दोघांचे होते. 'कोठे परत' यापेक्षा 'कशासाठी परत' या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी आधी तयार होते. माझ्यापाशी फक्त 'कोणासाठी' याचे उत्तर होते. आणि ज्यांच्यासाठी आलो त्यांनाच विचारलेले नव्हते.

आता ज्यांची मुले-मुली बाहेर आहेत, त्यांच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगतो. त्या रुक्ष आहेत, पण त्यांच्यावाचून पुढे पस्तावण्याची वेळ येते.

पहिली गोष्ट नागरिकत्वाची. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशी जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर त्याच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत करावी लागते, आणि त्याच्यापाशी दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही असे लिहून द्यावे लागते. आम्ही मुलांची अमेरिकी पारपत्रे काढली व त्यांना 'परदेशस्थ भारतीय नागरिक' हे कार्ड घेतले. नावात 'नागरिक' असले तरी या कार्डाने मतदानाचा हक्क मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि सरकारी नोकरी सर्वसाधारणपणे मिळत नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशांत अशा मुलांना अनिवासी भारतीयांच्या जागांपुरते मर्यादित केले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरविले की, हा निर्बंध त्या तारखेपूर्वी कार्ड घेतलेल्यांना लागू नाही. भारतीय नागरिकांच्या अज्ञान मुलांची नागरिक म्हणून नोंदणी करण्याची तरतूद १९५५ च्या कायद्यात आहे. मात्र त्यासाठी दुसरे नागरिकत्व सोडावे लागते. आम्ही तो निर्णय अद्याप घेतलेला नाही. मुलगी मोठी होत आहे; या वेळी तिला विचारूनच घेऊ.

दुसरी गोष्ट पैशांची. कायमचे राहावयास आल्यावर अनिवासी खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते निवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. बरीच वर्षे बाहेर काढून आलेल्यास सुरुवातीची दोन-तीन वर्षे परदेशातील उत्पन्नाबाबत करात सवलत मिळू शकते. पण पुढे पक्के रहिवासी झाल्यावर तिकडची खाती व मालमत्ता विवरणपत्रात दाखवावीच लागते. २०१५ च्या कायद्याप्रमाणे ते न केल्यास दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. अमेरिकेतील निवृत्तिवेतनाचा हक्क साधारणपणे चाळीस तिमाही, म्हणजे दहा वर्षे, काम केल्याखेरीज मिळत नाही. नवव्या वर्षी उठून येणाऱ्याने एकदा बोटांवर मोजून पाहावे.

तिसरी गोष्ट घरच्या कागदांची. आपल्याकडे इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, निजामकाळातील उर्दूतले उतारे ट्रंकेत पडून वाळवी लागते. परदेशी जाण्यापूर्वी हे कागद नीट लावून ठेवा. परत आल्यावर ते समजावून सांगणारी माणसे राहिलेली नसतात.

चौथी गोष्ट गावाची. परत येणारे पुष्कळजण देशात परत येतात, गावात नाही. ते पुण्यास किंवा हैदराबादेस उतरतात. त्यांचे काही चुकते असे नाही. नांदेडला आज वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, १९९४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे, ऑगस्ट २०२५ पासून मुंबईस जाणारी वंदे भारत गाडी आहे. तथापि काही उपचारांसाठी अजूनही हैदराबादचा रस्ता धरावा लागतो, आणि शिकलेल्या सुनेला तिच्या योग्यतेचे काम मिळणे दुर्मिळ आहे. गाव आपले असले म्हणून त्याच्या उणिवा नाहीशा होत नाहीत. त्या आधी मोजाव्या आणि मग यावे. मोजून आलेला माणूस टिकतो. गहिवरून आलेला माणूस तिकिटांचे दर पाहत बसतो.

आता ज्ञातिसंघाला माझी विनंती. परत आलेल्या मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठीचा एक वर्ग चालवावा. जागा आपल्यापाशी आहे आणि निवृत्त शिक्षकही आपल्यापाशी आहेत. तो केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांपुरता ठेवू नये. नोकरीनिमित्त दूरच्या प्रांतांतून आलेल्यांची मुलेही येथे याच अडचणीत असतात. आपण ज्यांचे नाव लावतो ते संतश्रेष्ठ नामदेव महाराज नरसीचे. नरसी येथून फार दूर नाही. ते पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. त्या ग्रंथापुढे नतमस्तक होण्यासाठी जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आपल्या या नांदेडला येतात. एका शिंप्याची वाणी पंजाबात घर करून राहिली आणि त्या पंजाबची माणसे गोदावरीच्या काठी आपली झाली. असे असता आपण आपल्याच परत आलेल्या लेकराच्या उच्चारांना हसावे, हे आपणांस शोभत नाही.

आणि दुसरी विनंती याहून सोपी आहे. कोणी परत आले, तर "का आलात?" हा प्रश्न वर्षभर विचारू नका. "जेवायला केव्हा येता?" हे विचारा.

अण्णा आज या सभेत मागच्या रांगेत बसलेले आहेत. त्यांच्या शेजारी माझी मुलगी आहे. परत येऊन आम्ही योग्य केले की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. गेल्या महिन्यात मी तिला हाच प्रश्न विचारला. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पाऊण हो." आधी मला हसू आले, आणि मग लक्षात आले की, एवढे नेमके उत्तर मला स्वतःला कधी देता आले नव्हते. उरलेला पाव भाग तिचा आहे. तो मी शिवून टाकणार नाही. आमच्या आतल्या शिवणीत तो तसाच राहू देणार आहे.